फेरमोजणी मागायची कशी आणि बाद मतावर हरकत घ्यायची केव्हा: नव्या मतमोजणी प्रतिनिधींसाठी

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्यांना ४,५२,६४४ मतं मिळाली, अमोल कीर्तिकरांना ४,५२,५९६. नुसत्या मतदान यंत्रांतली मतं धरली तर कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांमध्ये वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मतं पडली आणि निकाल फिरला. साडेचार-साडेचार लाख मतांच्या लढतीचा निकाल टपाली मतांच्या मेजावर ठरला, आणि नेमक्या त्याच मेजावर बहुतेक उमेदवार आपला सगळ्यात नवखा माणूस बसवतात.

तुम्ही पहिल्यांदाच मतमोजणी प्रतिनिधी म्हणून जाणार असाल तर एक गोष्ट आधी पक्की करा. फेरमोजणी मागण्याचा हक्क फार थोडा वेळ तुमच्या हातात असतो. निवडणूक निर्णय अधिकारी अंतिम बेरीज जाहीर करतात तेव्हा तो सुरू होतो आणि नमुना २० वर, म्हणजे अंतिम निकालपत्रकावर, त्यांची सही झाली की संपतो. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधल्या नियम ६३ ने हे ठरवून दिलं आहे. त्या काही मिनिटांत पुढे करायचं सगळं सकाळपासून गोळा करावं लागतं. खालचे टप्पे लोकसभा आणि विधानसभेच्या मोजणीला धरून लिहिले आहेत. शिक्षक-पदवीधर मतदारसंघ आणि स्थानिक निवडणुकांत काय वेगळं असतं ते त्या त्या जागी सांगितलं आहे.

१. नेमणूक आणि सोबतची कागदपत्रं

मतमोजणी प्रतिनिधीची नेमणूक नमुना १८ मध्ये होते. त्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही लागते. ओळखपत्रं तयार व्हायची असल्याने नावं आणि फोटो मोजणीच्या तीन दिवस आधीच द्यावे लागतात. आदल्या रात्री नाव बदलता येईल अशा भरवशावर राहू नका. साधारणपणे विधानसभेच्या एका मतदारसंघाला १४ मेजं असतात आणि निर्णय अधिकाऱ्यांचं मेज वेगळं. टपाली मतांच्या मेजांसाठी माणसं स्वतंत्र नेमायची असतात. हे शेवटचं वाक्य नेमणुकांची यादी करताना पुन्हा वाचा.

सोबत काय न्यायचं:

- नमुना १८ ची तुमची प्रत आणि ओळखपत्र
- तुमच्या मेजावर येणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या नमुना १७-सी ची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत (मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष मतदान प्रतिनिधीला देतात ती)
- मतदानाच्या दिवशी कुठलं यंत्र बदललं, कुठे व्हीव्हीपॅटबद्दल (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राबद्दल) तक्रार झाली, कुठे प्रदत्त मतं (आपल्या नावावर आधीच कुणी मतदान केल्याने मतपत्रिकेवर दिलेली) पडली, याची केंद्रवार यादी
- कोरे कागद, कार्बन पेपर, दोन पेनं
- फेरमोजणीच्या अर्जाचा कच्चा मसुदा, आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवून

मोबाइल आत नेता येत नाही. कॅल्क्युलेटर चालतो की नाही ते आदल्या दिवशी विचारून घ्या आणि चालत नसेल तर हाताने बेरीज करण्याची तयारी ठेवा. १७-सी च्या प्रती मतदानाच्या रात्रीच गोळा करा. नंतर त्या कुणाच्या तरी गाडीत, कुणाच्या तरी खिशात राहतात आणि मोजणीच्या दिवशी तीनशेपैकी दोनशेच हाती येतात.

२. टपाली मतं: इथे सगळ्यात जास्त लक्ष

टपाली मतांची मोजणी आधी सुरू होते, सहसा सकाळी ८ वाजता. यंत्रांची साधारण अर्ध्या तासाने. मोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेलं टपाली पाकीट उघडलं जात नाही. एका मेजावर एका फेरीत जास्तीत जास्त ५०० टपाली मतपत्रिका घेतात.

पाकिटांची रचना समजून घेतल्याशिवाय हरकत घेताच येत नाही. बाहेरचं मोठं पाकीट म्हणजे नमुना १३-सी. त्यात मतदाराचं प्रतिज्ञापन, म्हणजे १३-ए, आणि मतपत्रिकेचं बंद छोटं पाकीट, म्हणजे १३-बी. आधी फक्त प्रतिज्ञापन तपासतात. ते पाकिटात नसेल, त्यावर मतदाराची सही किंवा साक्षांकन नसेल, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा अनुक्रमांक १३-बी वरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर आतलं पाकीट न उघडताच मत बाद होतं.

नवी माणसं इथेच चुकतात. प्रतिज्ञापनांची छाननी संपली की ती सगळी बाजूला काढून मोहोरबंद करतात आणि मगच १३-बी पाकिटं उघडतात. मतदानाची गुप्तता राखण्यासाठी हे असंच करावं लागतं. त्यामुळे मतपत्रिका एकदा बाहेर आल्या की कुठली मतपत्रिका कुठल्या प्रतिज्ञापनासोबत आली होती ते कुणालाच सांगता येत नाही. साक्षांकनाबद्दलची हरकत पाकिटं उघडायच्या आधी घ्या. नंतर ती कितीही खरी असली तरी निरुपयोगी ठरते.

मतपत्रिका बाहेर आल्यावर ती बाद होण्याची कारणं अशी आहेत: मतदार ओळखू येईल अशी खूण किंवा लिखाण, मतच न नोंदवणं, एकापेक्षा जास्त उमेदवारांना मत, बनावट मतपत्रिका, खरीखोटी ठरवता येणार नाही इतकी फाटलेली मतपत्रिका, आणि मतपत्रिकेसोबत पाठवलेल्या पाकिटात ती परत न येणं. खूण कुणासाठी आहे याचाच संशय असेल तरीही मत बाद.

या यादीच्या लगेच पुढे नियम ५४-ए मध्येच मतदाराच्या बाजूने असलेली तरतूद आहे. खूण अस्पष्ट आहे किंवा एकापेक्षा जास्त वेळा केली आहे एवढ्याच कारणावरून मत बाद करता येत नाही. मतपत्रिकेवरून विशिष्ट उमेदवाराला मत द्यायचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर ते मत धरायचं. टपाली मतपत्रिकेवर ठरावीक शिक्का लागत नाही. बरोबरची खूण, फुली, निळं पेन, काळं पेन, सगळं चालतं. एकाच उमेदवारासमोर दोन बरोबरच्या खुणा केल्या म्हणून मत बाद होऊ देऊ नका. मेजावरचा कर्मचारी थकलेला असतो आणि घाईत असतो. नियम क्रमांक सांगून शांतपणे बोललात तर बहुतेक वेळा तो मतपत्रिका संशयित गठ्ठ्यात ठेवून सहायक निर्णय अधिकाऱ्यांकडे पाठवतो. तुम्हाला तेवढंच हवं असतं.

आता टपाली मतांबाबतची सगळ्यात महत्त्वाची सूचना. विजयी आघाडी मोजणीत बाद ठरवलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्याआधी सगळी बाद टपाली मतं निर्णय अधिकाऱ्यांनी पुन्हा तपासलीच पाहिजेत, असा निवडणूक आयोगाचा आदेश आहे. म्हणून बाद टपाली मतांचा आकडा मोजणी संपताक्षणी लिहून घ्या. गुजरातमध्ये २०१७ साली धोळका मतदारसंघात भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी विजयी झाले आणि बाद टपाली मतं होती ४२९. गुजरात उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ती निवडणूक रद्द केली आणि काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मोजणीच्या दुपारी दोन आकड्यांची तुलना करून एक कागद पुढे केला असता तर हा वाद तिथल्या तिथे तपासला गेला असता.

३. शिक्का मारलेल्या मतपत्रिका: हेतू ओळखायचा कसा

यंत्रांमुळे हा प्रकार कमी झाला असला तरी सहकारी कारखाने आणि बाजार समित्यांच्या निवडणुकांत शिक्क्याच्या मतपत्रिका अजून असतात. त्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते आधी मिळवून वाचायचे असतात, पण मतपत्रिका कशी पाहायची याची समज १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ५६ मधून चांगली येते.

फुलीच्या शिक्क्याला बाण असतात आणि ते एकाच दिशेने वळतात. शाई ओली असताना मतपत्रिका चुकीची दुमडली तर समोरच्या भागावर ठसा उमटतो आणि मतपत्रिका उलगडल्यावर दोन उमेदवारांना मत दिल्यासारखं दिसतं. दोन्ही ठसे नीट पाहा. मूळ ठसा गडद असतो आणि त्याचे बाण बरोबर दिशेने वळलेले असतात. दुमडल्याने उमटलेला ठसा फिका असतो आणि त्यातले बाण उलटे, आरशात दिसावेत तसे. घडीच्या रेषेपासून दोन्ही ठसे सारख्याच अंतरावर पडतात. हे दाखवता आलं तर मत मूळ ठशाच्या उमेदवाराला जातं.

शिक्का एका उमेदवाराच्या रकान्यात अर्धा आणि मधल्या रिकाम्या पट्ट्यात अर्धा असेल तर ते मत वैध आहे. तो दोन उमेदवारांच्या रकान्यांत पसरला असेल तर वाचवता येत नाही. मागच्या बाजूला मारलेला शिक्का बाद. एकाच रकान्यात तीन वेळा मारलेला शिक्का वैध. शाईचं चुकून लागलेलं बोट म्हणजे मतदाराची ओळख पटवणारी खूण नव्हे. यावरून मत बाद करू पाहणाऱ्या विरोधी प्रतिनिधीला लगेच अडवा. केंद्राध्यक्षांची सही किंवा भेदक खूण (मतपत्रिका खरी असल्याची केंद्रावर करायची खूण) राहिली असेल आणि ती चूक कर्मचाऱ्यांची असेल, तर त्या कारणावरून मतपत्रिका बाद करायची नसते.

मत बाद करण्यापूर्वी ती मतपत्रिका तुम्हाला पाहू देणं अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे, पण हात लावता येत नाही. बाद केल्यावर तिच्यावर तसा शेरा, थोडक्यात कारण आणि अधिकाऱ्यांची आद्याक्षरं असली पाहिजेत. शेरा नसलेली मतपत्रिका बाद गठ्ठ्यात दिसली तर तिथेच थांबवा.

तो शेरा आणि ती छाननी किती महत्त्वाची असते ते चंडीगडच्या महापौर निवडणुकीत देशाने पाहिलं. ३० जानेवारी २०२४ रोजी ३६ पैकी ८ मतं बाद झाली आणि १६ विरुद्ध १२ असा निकाल लागला. पीठासीन अधिकारी अनिल मसीह यांनीच मतपत्रिकांवर खुणा केल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या आठही मतपत्रिका प्रत्यक्ष पाहिल्या, मतदारांनी कुणाला मत दिलं होतं ते स्वच्छ दिसत असल्याने ती मतं वैध धरली आणि २० फेब्रुवारीला कुलदीप कुमार यांना विजयी घोषित केलं. मतदान झाल्यावर अधिकाऱ्याने केलेली खूण मतदाराच्या माथी मारता येत नाही.

४. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ

इथे पसंतीक्रमाचं मतदान असतं आणि बाद मतं भरपूर निघतात. नियम कडक आहेत. १ हा अंक लिहिलाच पाहिजे, तो एकाच उमेदवारासमोर असला पाहिजे आणि केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच लिहिला पाहिजे. मराठी अंक, इंग्रजी अंक, रोमन अंक सगळे चालतात; अक्षरी ‘एक’ चालत नाही, बरोबरची खूण चालत नाही, सही तर नाहीच. २ किंवा ३ हा पसंतीक्रम चुकला असेल तर त्यामुळे पहिली पसंती बाद होत नाही, हे मात्र मेजावर वारंवार सांगावं लागतं. हरियाणात २०१६ च्या राज्यसभा निवडणुकीत वेगळ्या पेनामुळे मतं बाद झाली आणि निकालच बदलला.

एका जागेसाठी कोटा म्हणजे वैध मतांच्या निम्मी अधिक एक. म्हणजे प्रत्येक बाद मत कोटाही खाली आणतं. कोटा जाहीर होण्याआधी बाद गठ्ठा पाहून घ्या. या मोजणीत फेरमोजणी मतांच्या कुठल्याही हस्तांतरणाच्या, म्हणजे मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळवण्याच्या, आधी किंवा नंतर मागता येते, पण आधीच्या टप्प्यात कायमच्या बाजूला ठेवलेल्या मतपत्रिका पुन्हा उघडत नाहीत.

५. यंत्रांच्या मेजावर

कंट्रोल युनिट (यंत्राचा मतं साठवणारा भाग) समोर आलं की सील आणि क्रमांक १७-सी शी जुळवा, मग एकूण मतांचा आकडा जुळवा, आणि त्यानंतरच निकालाचं बटण दाबू द्या. प्रत्येक उमेदवाराचा आकडा स्वतः पाहून लिहा, ऐकून नव्हे. फेरी संपली की मेजावरचा आकडा आणि फलकावर जाहीर झालेला आकडा जुळतात का ते पाहा. प्रत्यक्षात चुका होतात त्या यंत्रात नव्हे, पत्रकावर उतरवताना: ३१९ चे ३९१ होतात, एक केंद्र दोनदा धरलं जातं.

आकडा न जुळणारी किंवा चाचणी मतदानाची मतं न पुसलेली यंत्रं बाजूला ठेवली जातात. त्यांची केंद्रं आणि मतसंख्या लिहून घ्या, कारण शेवटी त्यांच्याकडे परत यावं लागतं. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या सोडत काढून मोजल्या जातात. त्या वेळी माणूस हजर ठेवा.

प्रदत्त मतं, म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणी मतदान केलं असं आढळल्यावर मतदाराने मतपत्रिकेवर दिलेली मतं, मोजणीत उघडतच नाहीत. त्यांच्यावरून मोजणीच्या मेजावर भांडू नका. तो मुद्दा न्यायालयाचा आहे.

६. फेरमोजणीचा अर्ज

बेरीज जाहीर झाल्यावर अर्ज करण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय अधिकाऱ्यांना नमुना २० वर सही करता येत नाही. म्हणून बेरीज ऐकताच उभे राहा आणि स्पष्ट आवाजात सांगा: “साहेब, आम्हाला फेरमोजणीचा अर्ज द्यायचा आहे, पंधरा मिनिटं द्या.” वेळ मिळाली की किती वाजेपर्यंत दिली ते विचारून लिहून घ्या. अर्ज उमेदवाराने करायचा. तो हजर नसेल तर त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी करू शकतो. तोंडी मागणी म्हणजे मागणी नव्हे.

‘फरक कमी आहे म्हणून पुन्हा मोजा’ असं लिहिलंत तर अर्ज फेटाळला जाईल आणि ते बरोबरच असेल. अर्ज असा हवा:

*प्रति, निवडणूक निर्णय अधिकारी, ___ मतदारसंघ.*
*विषय: नियम ६३ (२) अन्वये अंशतः फेरमोजणीबाबत.*
*आज ___ वाजता जाहीर झालेल्या बेरजेनुसार आघाडी ___ मतांची आहे. (१) टपाली मतांपैकी ___ मतं बाद ठरवली असून ती आघाडीपेक्षा जास्त आहेत. मेज क्र. ___ वर एकाच उमेदवारासमोर दोन खुणा या कारणावरून ___ मतं बाद केली. त्यावर ___ वाजता हरकत घेतली होती. (२) केंद्र क्र. ___ च्या १७-सी मध्ये एकूण मतं ___, तर फेरी क्र. ___ च्या पत्रकात ___ अशी नोंद आहे. म्हणून वरील टपाली मतांची व केंद्रांची फेरमोजणी करावी आणि आदेश कारणांसह लेखी द्यावा.*

दोन प्रती करा आणि एकीवर वेळेसह पोच घ्या. सगळ्या मतांची फेरमोजणी मागण्यापेक्षा नेमकी मागणी मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. यंत्राचं बटण पुन्हा दाबलं तर तोच आकडा येणार. तिथे मागायच्या तर व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मागा, नियम ५६-डी खाली, वेगळ्या अर्जाने. त्या केंद्रावरची मतं आघाडीपेक्षा जास्त आहेत का, तिथलं यंत्र बदललं होतं का, मतदानाच्या दिवशी चिठ्ठीबद्दल तक्रार झाली होती का, हे पाहून निर्णय होतो. चिठ्ठ्या आणि यंत्र यांत फरक निघाला तर चिठ्ठ्यांची मोजणी धरली जाते.

अर्ज नाकारला तरी आदेश लेखी आणि कारणांसह मिळतो. तो घेतल्याशिवाय सभागृह सोडू नका. एक अर्ज त्याच वेळी निरीक्षकांच्याही हातात द्या.

७. समान मतं

विधानसभा-लोकसभेत मतं समान झाली तर चिठ्ठी काढतात आणि ज्याचं नाव निघेल त्याला एक जादा मत धरतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली आणि चिठ्ठीने शाह निवडून आले. चिठ्ठीला होकार देण्याआधी बाद मतांची छाननी पूर्ण झाल्याची खात्री करा. त्या दोघांपैकी एकाचं एक जरी बाद मत वैध ठरलं तरी चिठ्ठीची गरज उरत नाही.

८. निकालानंतर

नमुना २० वर सही झाली की पुढचा रस्ता निवडणूक याचिकेचा. लोकसभा-विधानसभेसाठी ती उच्च न्यायालयात, निवड जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांत, २,००० रुपये अनामत भरून. उशीर माफ होत नाही, एक दिवसाचाही. ग्रामपंचायतीसाठी मुदत १५ दिवस आहे आणि अर्ज दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्याकडे जातो. महापालिकेसाठी मुदत आणखी कमी, १० दिवस. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे तिथे राज्याचे कायदे लागतात.

याचिका बहुतेक वेळा पुराव्याआधीच, कागदावर पडते. तुम्हालाच विजयी घोषित करा अशी मागणी असेल तर लढतीतल्या सगळ्या उमेदवारांना प्रतिवादी करावं लागतं. एक राहिला तरी याचिका फेटाळली जाते. प्रत्येक प्रतीवर ती खरी नक्कल असल्याची याचिकाकर्त्याची स्वतःची सही लागते. आणि मतपत्रिका उघडण्यासाठी नुसता संशय पुरत नाही: कुठल्या मेजावर, कुठल्या फेरीत, किती मतं, कुठल्या कारणाने चुकीची धरली किंवा बाद केली, आणि त्यामुळे निकाल कसा बदलतो, हे याचिकेतच मांडावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ पासून ही अट सातत्याने लावली आहे. वायव्य मुंबईच्या निकालाविरुद्धची याचिका, जिच्यात प्रदत्त मतांचा मुद्दा होता, मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

तुम्ही जिंकलेल्या बाजूचे असाल तरी निर्धास्त राहू नका. समोरच्याने स्वतःला विजयी घोषित करण्याची मागणी केली असेल आणि त्याच्या खात्यातही चुकीची मतं धरली गेली आहेत असं तुमचं म्हणणं असेल, तर सुनावणी सुरू झाल्यापासून १४ दिवसांत लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९७ खाली प्रतिआरोपाची नोटीस द्यावी लागते. ती दिली नाही तर फेरमोजणीत त्याची चुकीची मतं निघूनही न्यायालय ती वजा करू शकत नाही. मोजणीच्या दिवशी घेतलेली तुमची टिपणं, हरकतींच्या वेळा आणि पोच घेतलेल्या प्रती तेव्हा वकिलाला लागतील, म्हणून जिंकल्यावरही त्या एका पाकिटात घालून ठेवा.